फिल्टरचं अस्तर

आमच्या ह्यांनी पंचावन्नाव्या वर्षी स्पोर्ट बाईक घेतली, तेव्हा तिसगावात कोणाला काय वाटलं ते मला माहीत नाही. मला लाज वाटली. हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे, मी प्राथमिक शाळेत. गाडी लाल, पुढे वाकून बसायची, नगरमधल्या कोणीतरी दहा-बारा वर्षं पळवून सोडलेली. हे तिच्यावर बसले की पोट टाकीला टेकायचं. मागची सीट तर इतकी उंच, की बाजारपेठेतून जाताना दुकानांचे पत्रे मला वरून दिसायचे.

पण ती का घेतली, ते मला ठाऊक होतं. ह्यांनी तीस वर्षं फळ्यावर हिमालय काढला. खडू आडवा धरून दोन शिखरं, मध्ये खिंड, आणि मग ठरलेलं वाक्य, "जसजसं वर जावं, तसतशी हवा विरळ होते." स्वतः महाबळेश्वरच्या वर काही पाहिलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर एकदा स्वतःच्या गाडीवरून अशी खिंड ओलांडायची, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. मी पुष्कळ थट्टा करायचे, पण मनातून मलाही ती खिंड दिसायला लागली होती.

गाडी आल्यावर गावातल्या गॅरेजच्या मिस्त्रीनं मला सांगितलं, "बाई, आपल्याकडची धूळ लई बारीक हाय. फिल्टर महिनाभर बी टिकत न्हाई. पातळ फडकं शिवा त्याला, उशीच्या अभ्र्यावानी." इंजिनात जाणारी हवा ज्यातून गाळली जाते, तो हा फिल्टर. मी सासऱ्यांच्या जुन्या फेट्यातून त्याला अभ्रा शिवला. कापड इतकं तलम, की अलीकडून फुंकर मारली तर पलीकडे हाताला लागायची. महिन्याला तो काढायचा, धुवायचा, परत घालून बाजूच्या पत्र्याचे चार स्क्रू आवळायचे, हे काम माझ्याकडेच आलं. ह्यांनी त्यात कधी डोकावूनही पाहिलं नाही.

पहिल्याच वर्षी करंजीच्या घाटात शेळी आडवी आली आणि हे पडले. खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून दीड महिना घरात बसले आणि पट्टी सुटल्याच्या दिवशी परत गाडीवर. रोज संध्याकाळी मी ओट्यावर बसायचे आणि रस्त्यावरच्या दर आवाजाला कान द्यायचे. मला भीती वाटायची. दुसरं काही नाही, भीती.

एका दुपारी अभ्रा धुऊन वाळला होता. मी मशीन पुढे ओढलं आणि त्याला आतून मांजरपाटाचं अस्तर लावलं. चांगलं दुहेरी. वरून फेट्याचंच कापड दिसेल असा बारीक टाका घातला आणि चार स्क्रू आवळून टाकले.

गाडी शहाणी झाली. काटा सत्तरच्या पुढे जाईना. ह्यांनी प्लग बदलले, पेट्रोल पंप बदलले, नगरला दोन चकरा मारल्या. मिस्त्री म्हणाला, "सर, वय झालं आता तिचं." मी त्या दोघांना चहा करून दिला, आणि त्या दोन वर्षांत झोपही गाढ घेतली.

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात नगर स्टेशनातून गाडी गोणपाटात गुंडाळून पार्सलनं उत्तरेला पाठवली. मीही सुट्टीला जोडून रजा टाकून सोबत निघाले. एवढ्या लांबचा आवाज ओट्यावर बसून ऐकू आला नसता. निघताना अस्तराची आठवण झाली नाही असं नाही. उलट बरंच म्हटलं, डोंगरात हळू गेलेलं चांगलं. विरळ हवा इंजिनालाही विरळच मिळणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ह्यांच्या मात्र आलं होतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं पितळेचं बारीक छिद्र असतं, जेट म्हणतात त्याला. हवा कमी तिथं पेट्रोलही कमी लागतं, म्हणून ह्यांनी लहान छिद्राचं जेट माझ्या रिकाम्या कुंकवाच्या डबीत घालून आणलं होतं.

वर चढताना झाडं मागे राहिली, मग गवत राहिलं. डोंगर जांभळे, पिवळे, राखाडी होत गेले. माझं डोकं हलकं झालं. कापूस भरल्यासारखे कान, आणि शब्द तोंडातून निघून थोड्या वेळानं पोचायचे. शाळेच्या पटावरची नावं उगाचच आठवत होती. आपण कुठे निघालोय याचाही मला मधूनमधून विसर पडत होता, आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

गाडी मात्र खोकायला लागली होती. खिंडीखालच्या शेवटच्या वस्तीत एका वयस्क मिस्त्रीनं डबीतलं जेट बसवलं. प्लग काळा ठिक्कर निघाला, तो पुसला. मग त्यानं हिंदीत विचारलं, फिल्टर साफ आहे ना? "आमच्या मॅडम दर महिन्याला धुतात," हे अभिमानानं म्हणाले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या माणसानं पत्रा उघडून स्वच्छ पांढरं कापड बघितलं आणि पुन्हा लावून टाकला. तिथं बोलायला हवं होतं. नाही बोलले.

सपाटीवर गाडी बरी चालली. चढ लागला आणि पुन्हा गुदमरली. मी उतरून चालू लागले, हे पहिल्या गिअरवर पुढे. चौथ्या वळणावर इंजिन बंद पडलं ते पडलंच. ह्यांनी हेल्मेट काढलं आणि दगडावर बसले. वर खिंडीत बांधलेल्या, बौद्ध मंत्रांच्या रंगीत पताका दिसत होत्या. फळ्यावर काढायचे तशीच खिंड होती, दोन शिखरं आणि मध्ये खोलगट.

"व्हायचं न्हाई हे," हे म्हणाले. शाळेतली मराठी खालीच कुठेतरी गळून पडली होती. "एखादा ट्रक बघू, गाडी चढवू त्यात. घरी गेल्यावर इकून टाकू. माझंबी वय झालं, तिचंबी."

मी त्यांना इतकं थकलेलं हाड मोडलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पत्रा उघडला. बोटं बधिर होती, चार स्क्रूंना फार वेळ लागला. अभ्रा ओढून काढला, दातांनी टाका तोडला आणि अस्तर उलटं करून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी ते उचललं. तोंडापुढे धरून फुंकर मारली आणि दुसऱ्या बाजूला हात धरून पाहिला. परत मारली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे घाटातल्या त्या शेळीपासून."

"मला भीती वाटायची, अहो."

त्यांनी मांजरपाटाची नीट घडी घातली आणि जाकिटाच्या खिशात ठेवली. फिल्टर नुसताच परत बसवला, प्लग काढून पुसला. तीन-चार किका मारल्यावर इंजिन लागलं. आधी थोडं अडखळलं, मग आवाज मोकळा झाला. "बस," म्हणाले.

त्या चढावर गाडी धावली असं मी म्हणणार नाही. तेवढ्या उंचीवर कोण धावतं? पण दोघांना घेऊन ती न थांबता चढत राहिली. मी त्यांच्या पाठीला गाल टेकून डोळे मिटले. जाकिटातून इंजिनाची थरथर येत होती. आपण तिसगावातल्या ओट्यावरच आहोत आणि आवाज या वेळी अगदी जवळ आलाय, असं मला वाटत राहिलं. डोळे उघडले तेव्हा पताका फडफडत होत्या आणि हे रडत होते. वारा लागला म्हणाले. मी तिथं तरी त्यांना चिडवलं नाही.

अस्तराचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. खिंडीत नाही, परतीच्या रेल्वेत नाही. इतकं गप्प राहण्यापेक्षा हे एकदा चिडले असते तर मला चाललं असतं.

घरी आल्यावर आठवड्यानं मी शाळेतून परतले, तर शिलाई मशीनवर तो अभ्रा आणि ते मांजरपाट ठेवलेलं होतं. धुऊन, इस्त्री करून. हे शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

"अस्तर लाव परत," म्हणाले. "एकेरी पुरं."

"कशाला? बरी पळतीय की आता."

"तू ओट्यावर बसतीस ते काय मला दिसत न्हाई व्हय? फक्त या वेळी मला सांगून लाव."

सुईत दोरा जाईना. माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. त्यांनी सुई माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोरा ओवून दिला.