वाळूची अंघोळ

“त्यांची अंघोळ चुकली हाय, सर. दुसरं कायबी न्हाय.”

मामा पिंजऱ्यासमोर उकिडवे बसून म्हणाले. मामा म्हणजे आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतले शिपाई. तीन आठवडे गावी राहून त्याच सकाळी परतले होते.

“खरंय,” सर म्हणाले. “तुम्ही गावाला. इथं त्यांना बंब कोण पेटवून देणार?”

सगळी बॅच हसली. मामाही जरासे हसले. मी शेवटच्या टेबलापाशी उभी होते. मला हसू आलं नाही.

पिंजऱ्यात पाच जर्बिल होते. मोठ्या डोळ्यांचे, झुपकेदार शेपटीचे रानउंदीर. मामांच्या मेहुण्याने अक्कलकोटकडच्या आपल्या शेताच्या बांधावरून ते धरून आणले होते. आले तेव्हा त्यांची पाठ भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची, तुकतुकीत होती. आता केस तेलकट होऊन त्यांच्या बटा झाल्या होत्या. नाकावरचे केस गळून कातडी उघडी पडली होती आणि नाकपुड्यांभोवती वाळलेल्या रक्तासारखं काहीतरी लाल धरलं होतं.

“खरूज आहे ही,” सर म्हणाले. “बांधावरचे आणू नका म्हणून सांगितलं होतं मी. आता सशांना लागेल, मुलांना लागेल. आजच संपवून टाकू. क्लोरोफॉर्म आणा.”

“मेव्हण्यानं लई जपून आणली हुती की, सर,” मामा म्हणाले. पण उठले.

मामा गावी गेले तेव्हा सरांनी पिंजरा माझ्याकडे सोपवला होता. “ही बोलत नाही, म्हणजे काम करेल,” असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. पहिल्या दिवशी मी पाहिलं तर ट्रेमध्ये मामांनी घातलेली चांगली चार बोटं वाळू. माझी शाळा कॉन्व्हेंटची. रोज प्रार्थनेनंतर तिथे नखं आणि रुमाल तपासत. माती म्हणजे घाण, एवढंच मी शिकले होते. मी सगळी वाळू मागच्या अंगणात फेकली, पत्र्याचा ट्रे घासून धुतला आणि आमच्या शेजारच्या चादरीच्या मागावरून आणलेली सुताची गुंतवळ आत पसरली. पुढे रोज धुवायचे. घाईत ट्रे ओलाच आत सरकवायचे. आपण फार नीट काम करतोय असं मला वाटायचं.

आठवड्याभरात ते एका कोपऱ्यातल्या जाळीवर नाक घासू लागले. पुढच्या पायांनी पत्रा खरवडायचे. उकरायला तिथे काहीच नव्हतं. जाळीच्या दोन तारांना केस चिकटलेले मी पाहिले. चार केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, किडा दिसला नाही. अंगावर दुसरीकडे कुठे खपली नव्हती, आणि ते अंग खाजवतही नव्हते. हे सगळं मी वहीत लिहिलं, इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात. कारणाची जागा मोकळी ठेवली. वही कुणाला दाखवली नाही.

मामांनी अंघोळ म्हटलं आणि मला तो पहिला दिवस आठवला. मी वाळू उपसत होते तेव्हा उरलेल्या मूठभर वाळूत एक जण पाठीवर पडून या कुशीवरून त्या कुशीवर लोळत होता. मला वाटलं, घाबरलाय. चिमण्या दुपारी धुळीत न्हातात तसा तो न्हात होता. अंगाचं तेल तो त्या वाळूने काढत होता, आणि मी ती त्याच्या पाठीखालून ओढून घेतली.

मामांनी बाटली आणली. काचेच्या रुंद बरणीत कापसाचा बोळा टाकला. गोडसर वास माझ्यापर्यंत आला. सरांनी पिंजऱ्याचं दार उघडून पहिल्याला मानेशी धरलं. त्याचे पाय हवेत उकरल्यासारखे हलत होते. मामा बरणीचं झाकण धरून उभे होते. त्यांची नजर खाली होती.

दोन वर्षांत त्या प्रयोगशाळेत मी हजेरीच्या ‘प्रेझेंट सर’पलीकडे काही बोलले नव्हते. माझं वाक्य आधी इंग्रजीत जुळायचं. ते मराठीत येईपर्यंत सगळे पुढच्या गोष्टीवर गेलेले असायचे. त्या दिवशीही ते इंग्रजीतच जुळलं, अगदी नीट, आणि त्यात मी कुठेच नव्हते. ‘वाळू काढली गेली होती.’ असं बोलले असते तर सगळ्यांनी मामांकडेच पाहिलं असतं.

मी टेबलांमधून पुढे गेले आणि बरणीच्या तोंडावर हात ठेवला.

“सर, ती खरूज नाही. मामांची वाळू मी फेकली.”