देवगिरीवरचा पिवळा टॉवेल

देवगिरीचा किल्ला चढताना तो माझ्या पुढं होता. साठीचा असावा, खांद्यावर पिवळा टॉवेल. थोडं चढायचा, कठड्याला टेकायचा, डावा हात छातीवर ठेवून धाप ओसरेपर्यंत थांबायचा. त्याला मागं टाकून जायला माझं मन होईना. हा इथंच कोसळला तर काय, एवढंच डोक्यात.

"स्टेंट बसवलाय," मी न विचारताच तो म्हणाला. "डॉक्टर म्हणले, चाला. चढा असं नाय म्हणले. बायको खाली पेरूच्या गाडीपाशी बसलीय, हिरव्या साडीत. वर गेलो की टॉवेल हलवतो, मंग तिचा जीव भांड्यात पडतो."

"फोन करायचा ना."

"फोनवर धाप ऐकू येती तिला."

वरून पार शहरापर्यंत स्वच्छ दिसत होतं. खालची माणसं मात्र ठिपक्यांएवढी. त्यानं टॉवेल हलवला, हात दुखला तसा दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा हलवला. तो टेकून बसला तेव्हा मी उतरायला लागलो.

पेरूच्या गाडीपाशी हिरव्या साडीतली बाई किल्ल्याकडं पाठ करून बसली होती.

"काका वर पोचले, मावशी. टॉवेल दिसला ना?"

"मला वर बघवतच नाय," ती हळूच म्हणाली. "लई वेळ हलवला का?"

"बराच वेळ. हात बदलून बदलून."

माझाही पाय तिथून निघेना. शेवटी तो घामानं निथळत आला.

"दिसला का गं?"

"दिसला की. हात बदलून बदलून हलवत होता," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं वळून तिनं किल्ल्याकडं बघितलं.