आईची सहा हजार पावलं

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. म्हणून चारकोपला आईच्या सेक्टरमध्ये एका कॉलेजची संशोधनवाली मुलं म्हाताऱ्या माणसांना फुकट घड्याळं वाटत आली, तेव्हा मी मुलुंडहून मुद्दाम गेले. फॉर्म अक्षर न् अक्षर वाचला. फुकट कोण काय देतं हो? घड्याळ आईच्या मनगटावर राहणार आणि तिची पावलं, झोप, ठोके माझ्या मोबाईलवर दिसणार. आई एकटी राहते, म्हणून केली सही.

आठवडाभरात माझं डोकं फिरलं. रोज सहा हजार पावलं! माझ्या आईचे गुडघे कधीच कामातून गेलेत. मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरते ती. आणि ही पावलं सगळी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. आईने घड्याळ दुसऱ्या कुणाला तरी घालायला दिलंय, अशी माझी खात्रीच पटली. एका मंगळवारी न सांगता दुपारी धडकले.

दार उघडंच होतं. आई खुर्चीत बसलेली. समोर कडीला साडीची झोळी टांगलेली, झोळीत शेजारणीचं आठ महिन्यांचं पोर, आणि आईच्या हातात दोरी. त्याच हातात घड्याळ. हात पुढे, हात मागे. झाली पावलं!

शेजारणीची बाळंतपणाची रजा संपली होती. पोर इथे टाकून ती ऑफिसला जायची. माझं टाळकंच सटकलं.

"फुकटची आया मिळाली गं तिला! आणि तू बसतेस दोरी ओढत?"

"पोर निजता माझ्याकडे. तुजा काय जाता गो?" आई म्हणाली.

संध्याकाळी शेजारणीला दारातच गाठलं. नको नको ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "काकूंनीच मागून घेतलं होतं त्याला, ताई." मला ते खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पोर आलं नाही. पावलं तीनशेवर आली आणि मला बरं वाटलं. संशोधनवाल्या मुलीला मी फोन करून तोऱ्यात सांगितलं, तुमचा आकडा खोटा होता, मी पकडला.

मग मोबाईलवर आकडे बघणंच सोडलं. महिन्याभराने तिचाच फोन आला. "ताई, पावलांचं राहू दे. आजींचं घड्याळ दुपारी बारापर्यंत हलतच नाही. त्या उठत नाहीत का?"

तशीच निघाले. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवणाचा डबा उघडलेला नाही, केस चार दिवस न विंचरलेले.

"उठ ना गं आई."

"कोणासाठी उठू?"

माझीच चूक होती, दुसऱ्या कुणाची नाही. शेजारीण नेमकी रजेवर, घरीच होती. तिच्यापुढे सरळ हात जोडले. ती भांडली असती तर बरं झालं असतं. उलट तिने आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "पाळणाघरात घातलाय त्याला. पंधरा दिवस रडला, आता कुठे रुळलाय. आता परत नाही हो काढणार, ताई."

आईकडे परत आले. तिने मान वळवली. "काय म्हणाली ती?"

"घरी नव्हती," मी म्हटलं.

आई हळूहळू उठून बसली. केस मोकळे केले.

"मगे सांजच्याक परत जा," ती म्हणाली. "आणि माका ती फणी दी."