दाराआडून दिलेलं उत्तर

प्रिय ओवी आणि ईशान,

तुमच्या आईची इंग्रजी बोलण्याची परीक्षा एकदा मध्येच बंद पडली. ती मी बंद पाडली. केजच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे हे काम माझ्या हातून अगदी शुद्ध इंग्रजीत झालं.

हे आताच का सांगते, तर परवा ओवीच्या तिकडच्या, इंग्लंडमधल्या रविवारच्या मराठी वर्गातून तोंडी परीक्षेचे नमुना प्रश्न आले. ओवीचा सराव माझ्याकडून करून घ्यावा म्हणून तुमच्या आईने ते मला पाठवले आणि खाली लिहिलं, 'आत्याबाई, फक्त प्रश्न विचारायचे. फक्त.' (आपल्याकडे सून सासूला आत्याबाई म्हणते आणि सासऱ्याला मामा.) एकच शब्द दोनदा का लिहिला, हे तुम्हाला कळायला हवं. तिच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तेव्हा तुम्ही दोघंही जन्मला नव्हतात. युसूफ वडगावचं आपलं घर आजही तसंच आहे. पुढे आप्पांचं किराणा दुकान, मागे माजघर, मध्ये एक दार. (आप्पा म्हणजे तुमचे आजोबा. हे दारही लक्षात ठेवा, पुढे त्याला काम आहे.) तुमची आई शिल्पा अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात नर्स होती. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाने तिचे कागद पसंत केले होते. उरली होती फक्त इंग्रजी बोलण्याची परीक्षा. ती घरी बसून लॅपटॉपसमोर द्यायची होती. संधी दोनच. दोन्ही हुकल्या, की जागा दुसऱ्या कुणाला. त्या नोकरीसाठी तुमच्या आईने रात्रपाळ्या करून अभ्यास केला होता, म्हणून घरात या गोष्टीची थट्टा करायला कुणाची हिंमत नव्हती.

परीक्षेचा नियम साधा होता. खोलीत दुसरं माणूस नको. दुसऱ्या माणसाचा आवाज नको. विचारलं जाईल त्याचं उत्तर परीक्षार्थीने स्वतः द्यायचं.

आणि आपल्या घराची पद्धत नेमकी उलटी! आपल्याकडे प्रश्न ज्याला विचारला त्याने उत्तर द्यायचं नसतं. गिऱ्हाईक मला विचारतं, "बाई, गुडघा कसा हाय?" आणि गल्ल्यावरून आप्पा सांगतात, "पायरी चढताना दुखतोय, उतरताना न्हाई." डॉक्टर आप्पांना विचारतात, "भूक लागते का?" आणि मी सांगते, "नको तेवढी." तुमच्या आईला बघायला आम्ही माजलगावला गेलो, तेव्हा आम्ही तिला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिच्या सख्ख्या मामाने दिली. हे घर आपल्यासारखंच आहे, असं म्हणून आम्ही तिथेच सुपारी फोडली.

तर सराव सुरू झाला. नमुना प्रश्न मी स्वतः निवडले, विषयवार लावले आणि रोज संध्याकाळी माजघरात खुर्ची मांडून परीक्षक झाले. पहिलाच प्रश्न विचारला, "डू यू कम फ्रॉम अ लार्ज फॅमिली?"

शिल्पाने तोंड उघडण्याआधी दुकानातून आप्पांचा आवाज आला. "काय इचारलंय?"

"कुटुंब मोठं आहे का, असं विचारलंय."

"लई मोठं हाय म्हणावं. माजलगावचे धरू नको, आपलेच सांग."

"मामा, मला सांगू द्या ना," शिल्पा म्हणाली.

"सांग की. मी कुठं आडवलंय?"

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या कौसाबाईही येऊन बसू लागल्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण उत्तरं सगळी येत होती. मी विचारलं, मोकळ्या वेळात काय करता?

"सूनबाईला मोकळा येळ?" कौसाबाई म्हणाल्या. "हे कुणी काढलंय? पुरुष मानूस आसंल."

"वाती वळते म्हण," दुकानातून सूचना आली.

"आवं, तिकडं बाईला वाती कशा कळतील? स्वेटर इनते म्हण, पोरी. थंडी आसती तिकडं."

"मला स्वेटर विणता येत नाही, कौसाकाकू."

"ते त्येनला कुठं दिसतंय?"

मी दोघांनाही गप्प केलं आणि मग शांतपणे, मुद्देसूद, स्वतःचं उत्तर सांगितलं. (यात आणि त्यांच्या सांगण्यात काही फरक आहे, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.)

खरी अडचण आली ती एका प्रश्नाला. तुम्हाला आदर वाटतो अशा व्यक्तीविषयी दोन मिनिटं बोला. शिल्पाने तिच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंविषयी सुरेख सुरुवात केली. दुकानातला तराजूचा आवाज थांबला. आप्पा दारात येऊन उभे राहिले, कपाळावरची विभूती नीट केली, दोन मिनिटं ऐकलं आणि परत गेले. त्या रात्री ते जेवताना भाकरी फक्त मिठाशी खात होते.

"मामा, भाजी घ्या."

"नको. मेट्रनबाईला वाढा."

दुसऱ्या दिवशी उत्तरात सासरे आले. सासरे आले म्हटल्यावर सासूला वगळणं बरं दिसेना. (ही दुरुस्ती मी सुचवली, केवळ समतोलासाठी.) मग कौसाबाईंचा चेहरा पाहून शेजार आला. शेवटी अशी पाळी आली, की दोन मिनिटं संपेपर्यंत शिल्पाची नावंच सांगून होत नव्हती आणि आदर कशाबद्दल वाटतो ते राहूनच जात होतं.

परीक्षेच्या दिवशी सगळी व्यवस्था मी बघितली. दुकानाचं शटर ओढून घेतलं. फ्रीज बंद केला. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याला तासभर पट्टा काढून ठेवायला सांगितलं. ऊस वाहणारे ट्रॅक्टर गाणी वाजवत जातात, म्हणून तुमचे बाबा मन्मथ पुण्याहून रजा घेऊन आले होते ते रस्त्यावर उभे राहून एकेका ड्रायव्हरला हात जोडत होते. "दादा, एवढं घर ओलांडेपर्यंत आवाज कमी करा. बायकोचा पेपर हाय."

"कितवीचा?" एका ड्रायव्हरने विचारलं म्हणे.

माजघरात शिल्पा आणि लॅपटॉप. दाराच्या अलीकडे बंद दुकानात आप्पा गादीवर, कौसाबाई डाळीच्या पोत्यावर आणि मी दाराला अगदी लागून स्टुलावर. मी दोघांना ताकीद दिली होती. "शिंक आली तरी गिळायची."

"आमी न्हाई बोलत," आप्पा म्हणाले. "तुझंच बघ."

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता.

पलीकडे परीक्षक बाई बोलू लागल्या. आवाज गोड आणि सावकाश होता. गाव कोणतं, काम काय, सकाळी किती वाजता उठता. शिल्पा छान बोलत होती. एकही क्रियापद चुकलं नाही. मी दारापाशी बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, आणि आप्पा माझी मान बघून कौसाबाईंना खुणेने सांगत होते, बरोबर आलं.

मग बाईंनी विचारलं, तुम्ही घर सोडून आलात तर तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची आठवण येईल?

हा प्रश्न माझ्या नमुन्यांत नव्हता.

शिल्पा गप्प झाली. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी वाट पाहिली. पलीकडे काहीच आवाज नव्हता. गिरणी बंद, फ्रीज बंद, ट्रॅक्टर बंद, सगळी शांतता मीच करून ठेवलेली. एवढा अभ्यास, एवढ्या रात्रपाळ्या, आणि पोरगी एका सोप्या प्रश्नापाशी अडली! वर्गात मूल अडलं, की माझ्या तोंडून उत्तराचा पहिला शब्द आपोआप निघत असे. इतक्या वर्षांची सवय. फक्त या खेपेला पहिल्या शब्दावर थांबता आलं नाही. मी दाराच्या फटीला तोंड लावून, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले,

"माय मदर-इन-लॉ!"

कौसाबाईंनी पदर तोंडात कोंबला. आप्पांना एवढं इंग्रजी येत होतं.

"आन मी?" ते तितक्याच मोठ्याने म्हणाले. "माझी न्हाई का येणार?"

पलीकडून परीक्षक बाईंचा प्रश्न आला, "तुमच्या खोलीत दुसरं कुणी आहे का?"

तुमची आई खोटं बोलत नाही. "नो, मॅडम," ती म्हणाली. "दे आर इन द नेक्स्ट रूम."

आता आप्पांना वाटलं, की एवढं बोलून झाल्यावर तोंड लपवणं बरोबर नव्हे. त्यांनी मला बाजूला करून दार उघडलं, लॅपटॉपसमोर जाऊन हात जोडले आणि म्हणाले, "शरणार्थ, बाई. चूक आमच्या मंडळींची हाय. पोरगी हुशार हाय, तिचे गुण कावून कापता? त्येंचे कापा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग त्येनला इंग्रजीत."

आणि मी सांगितलं. पूर्ण वाक्यांत, स्वतःचे गुण कापण्याच्या विनंतीसह सांगितलं.

पडद्यावरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, 'सॉरी' म्हणाल्या आणि परीक्षा बंद केली.

त्यानंतर घरात फ्रीज चालू करायचंही कुणाला सुचेना. शिल्पा मोरीत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"शिल्पा, तू अडलीस म्हणून..."

"अडले नव्हते, आत्याबाई. विचार करत होते."

"कसला?"

तिने तांब्या विसळला, पालथा घातला. "या घरात मला एकाही प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यावं लागत नाही. तिथे सगळी उत्तरं माझी मलाच द्यावी लागतील. तेव्हा आठवण कशाची येईल, ते इंग्रजीत कसं सांगावं ते जुळवत होते."

मी तोंड उघडलं. मग मिटलं. माझ्या आठवणीत तो पहिलाच प्रसंग.

दुसऱ्या संधीचा दिवस कळला तेव्हा मन्मथने कुणालाही न विचारता जीप ठरवली. "आई, आप्पा, कौसाकाकू. तिघं गाडीत. धारूरला किल्ला बघायला चाललोय."

"किल्ला मी बघितलेला हाय," आप्पा म्हणाले.

"परत बघा. हलला न्हाई ना ते बघा."

किल्ल्यावर पोचलो तेव्हा परीक्षेची वेळ झाली होती. मन्मथने आमचे फोन आधीच काढून घेतले होते. आम्ही तटाच्या सावलीला ओळीने बसलो. मग आप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "आता काय इचारत आसंल?"

"कुटुंब मोठं आहे का," मी म्हणाले.

"लई मोठं हाय," आप्पा समोरच्या डोंगराला म्हणाले.

"स्वेटर इनते," कौसाबाई म्हणाल्या.

कुणी अडवणारं नव्हतं. आम्ही तिथे बसून अख्खा पेपर सोडवला. आठवण कशाची येईल, हा प्रश्न आला तेव्हा मात्र तिघंही गप्प राहिलो. आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले आणि वारा फार आहे म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

परत आलो तर शिल्पा दारातच उभी होती. परीक्षक बाई त्याच होत्या. त्यांनी आधी विचारलं होतं, "आज तुम्ही एकट्या आहात ना?" शिल्पाने सांगितलं, होय, बाकी सगळ्यांना किल्ल्यावर नेऊन ठेवलंय. बाई इतक्या हसल्या, की पुढे किल्ला, सासरे, मीठभाकरी, दाराआडची सासू याच विषयांवर बोलणं रंगलं. माझ्या नमुना उत्तरांतलं एक वाक्यही तिला लागलं नाही. ती पास झाली, आणि चांगल्या गुणांनी झाली. त्या गुणांत माझा वाटा आहे, असं मी अनेकदा सुचवून पाहिलं. तुमची आई म्हणते, "हो, किल्ल्यावर गेलात ना."

तर काल तिने सांगितल्याप्रमाणे मी ओवीला फोनच्या पडद्यासमोर बसवलं आणि फक्त प्रश्न विचारला. "तुझं गाव कोणतं?" ओवी विचार करू लागली. मी ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तुमच्या आईचं खणखणीत उत्तर आलं, "युसूफ वडगाव! सांग, ओवी, तालुका केज, जिल्हा बीड!"

मग ईशान मध्येच डोकावून म्हणाला, "आजी, तू कशी आहेस?"

"बरी हाय," गल्ल्यावरून आप्पा म्हणाले.

तुमच्या आईच्या त्या परीक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली आहे. आपल्या घराची पद्धत अजून चालू आहे. आणि मी, कालच कळल्याप्रमाणे, बरी आहे.

तुमची आजी