केळफुलाची फाइल

सातिवलीच्या आमच्या पंपांच्या गोदामात होळी गावचे एक काका आहेत. संध्याकाळी ते मालाचा तक्ता काढून कॉम्प्युटरमध्ये फाइल करतात. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावरच लिहू का, असं कॉम्प्युटर विचारतो. काका हात जोडून त्याला मोठ्याने सांगतात, "नको रे बाबा, जुनी राहू दे." मग नव्या फाइलला डब्यातल्या भाजीचं नाव देतात. दुधी, वाल, केळफूल.

मी आमच्या घरातला पहिला बीकॉम. "काका, ही खानावळ नाही," मी म्हणायचो.

"मला तारीख आठवत नाय, जेवन आठवतं."

माझी फाइल एकच. रोज सकाळी मी प्रश्न न वाचता 'हो' दाबायचो आणि कालचा तक्ता पुसला जायचा.

एका सोमवारी शेठ माझ्यावरच घसरले. "दोन पंप कमी आहेत. शुक्रवारी तुझ्या ताब्यात होते ना? कुठे गेले?"

माझ्या फाइलमध्ये शुक्रवार उरलाच नव्हता. काकांनी डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली. "शुक्रवारी केळफूल!"

फाइल उघडली. दोन पंप दुरुस्तीला गेल्याची नोंद तिच्यात होती. माझ्या फाइलमधली तीच नोंद नंतर माझ्याच हातून पुसली गेली होती.

"हे असलं नाव द्यायचं डोकं कोणाचं?" शेठनी विचारलं.

"ह्याचं," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "शिकलेला आहे."

आता दुपारी काका डब्याचं झाकण उघडून आधी माझ्यापुढे धरतात. "नाव लिहून घे, मग जेव."