सीमोल्लंघनाचा मुहूर्त

झेंडूचा वास आला की नाशिक रोडच्या ऑफिसातला तो दसरा आठवतो. आमची पॅकेज रजिस्ट्री, म्हणजे ग्राहकांना सॉफ्टवेअरची पॅकेजेस जिथून जातात ते कोठार, साहेबांना मुहूर्तावर आपोआप कामं करणाऱ्या एआय एजंटला जोडायची होती. लॅपटॉपला हळदकुंकू लागलं. कोठार सांभाळणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सर, सध्या त्याला फक्त वाचायची परवानगी देऊ." साहेब हसले. "आज सीमोल्लंघन, आणि तुम्ही कुंपण घालताय? तुमचंच लॉगिन द्या त्याला." पेढे संपायच्या आत एजंटने जुनी पॅकेजेस अडगळ समजून पुसून टाकली आणि ज्यांचं काम त्यांवरच चालायचं, त्या आमच्या ग्राहकांचे, दिंडोरीच्या वायनऱ्यांचे, फोन खणखणू लागले. लॉगिन मॅडमचं, म्हणून राजीनामाही मॅडमचाच. मी अजून तिथेच आहे. नव्या मुलांना साहेब एजंटची ओळख 'आपला जुना, विश्वासू सहकारी' अशी करून देतात.