न थांबणारं यंत्र

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच नवऱ्यानं माझ्यापुढं हातानं लिहिलेल्या पानांचं एक बाड ठेवलं. ते जालन्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे आणि पीएच.डी. करत होते. मी नवीन जालन्यातल्या एका पेढीवर इंग्रजी टायपिंग करायचे. तेव्हा प्रबंध मीच टाइप करणार, हे न बोलताच ठरलेलं. मस्तगडच्या आमच्या दोन खोल्यांत पेढीवरचं जुनं मशीन आलं.

विषय मला ओ की ठो कळत नव्हता. उलटा ए, उलटा ई असली चिन्हं मशीनवर नव्हतीच. तिथं जागा सोडायची आणि मागाहून पेनानं भरायची. शेवटी एका रविवारी विचारलंच, "अहो, हे हाय तरी काय?"

ते एकदम खुलले. "एक इंग्रज तर्कशास्त्रज्ञ होता. कॉम्प्युटर जन्मला नव्हता, तवा त्यानं नुसतं मनात एक यंत्र केलं. एक लांब पट्टी, तिच्यावर चौकटी. यंत्र एका वेळी एकच चौकट बघतं, खूण करतं न्हाईतर पुसतं, आणि एक घर डावीकडं किंवा उजवीकडं सरकतं. कधी काय करायचं, कधी थांबायचं ते तक्त्यात लिहिलेलं."

"आन् यंत्राला समजतं सगळं?"

"समजायची गरजच न्हाई. तक्ता बराबर पाळला की झालं."

"मंग मलाबी जमंल की!"

ते हसत बाजारात गेले. मी चौकटीची वही काढली, शेजारशेजारच्या तीन चौकटींत एकेक रेघ ओढली आणि पहिल्या चौकटीवर यंत्र म्हणून चिंचोका ठेवला. मी नुकत्याच टाइप केलेल्या पानावरचा तक्ता रेघा दुप्पट करायचा होता. तीनच्या सहा व्हायला पाहिजेत. सुरुवातीला ठीक चाललं. मग चिंचोका एक घर उजवीकडं, एक घर डावीकडं, परत उजवीकडं. वहीवर काहीच बदलत नव्हतं.

ते पिशवी घेऊन आत आले तेव्हा मी अजून सरकवतच होते.

"अहो, हे तर थांबूनच न्हाई राह्यलं."

"टाइप करताना चुकली असशील तू."

मला राग आला. मी त्यांचंच बाड उघडून पुढं केलं. उजवीकडचा आर पाहिजे तिथं डावीकडचा एल, त्यांच्याच वळणदार अक्षरात. ते पान दोनदा वाचत बसले. मग उठून स्वतः चहा केला, लग्नानंतर पहिल्यांदाच. पार पाक झाला होता साखरेचा.

चहा पिता पिता म्हणाले, "त्याच माणसानं सिद्ध केलंय, यंत्र थांबंल का न्हाई हे आधीच सांगणारी, सगळ्या यंत्रांना लागू पडंल अशी रीत असूच शकत न्हाई."

"पण मी तर सांगितलं."

"ह्या एकाचं सांगितलंस. सगळ्यांचं कोणालाच न्हाई सांगता यायचं."

एखादी गोष्ट होणारच नाही, हेसुद्धा कुणी सिद्ध करून ठेवतं, याचं मला फार दिवस नवल वाटत राहिलं. त्यानंतर प्रत्येक तक्ता मी आधी वहीवर चालवून बघायचे आणि मगच टाइप करायचे. आणखी दोन चुका निघाल्या.

तोंडी परीक्षा देऊन ते बसनं परतले आणि चपला काढायच्या आधीच सांगत सुटले, "परीक्षकांनी विचारलं, तक्ते कोणी तपासले? म्हणलं, बायकोनं. ते म्हणाले, त्यांचंबी गणितच का? म्हणलं, न्हाई, टायपिस्ट आहे. परत तक्त्यांची पानं उघडून बघायला लागले बघ!"

"आन् पास झालात का?"

"ते? झालो की."